मुलीला स्पॅनिश शिकवायचंय, पण मला स्वतःला येत नाही. कुठून सुरुवात करू?

दोन_वेण्या

नमस्कार मंडळी. लेक सव्वापाच वर्षांची आहे. सहा-सात महिन्यांपूर्वी कुठल्याशा कार्टूनमध्ये तिनं 'आदिओस' ऐकलं आणि तो शब्द तिच्या तोंडी असा बसला की दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला आदिओस. मलाही हुरूप आला. मुलांसाठीचं एक ॲप घेतलं, रोज वीस मिनिटं ठरवून दिली. प्राणी झाले, रंग झाले, अंक झाले. प्रत्येक धड्यापुढे तीन-तीन तारे.

गेल्या आठवड्यात मी कागदावर मांजर काढलं आणि विचारलं, "याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात गं?" ती चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, अजून तीन चित्रं काढ ना, मग सांगते."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी बसून पाहिलं. चार चित्रं येतात, आवाज येतो, ती नको ती तीन गाळते आणि उरलेल्यावर बोट ठेवते. शब्द कानावर पडतो, पण तोंडातून निघत नाही. सहा महिन्यांत एकदाही निघालेला नाही. मला फार वाईट वाटलं, कारण ती सगळं मन लावून करत होती.

आता विचारायचंय ते असं. ऑनलाइन काय खरंच कामाचं आहे? पडद्याशिवाय घरी काय करता येईल? मला स्पॅनिश येत नाही, तर माझे चुकीचे उच्चार तिला चिकटतील का? आणि ती सध्या इंग्रजी अक्षरं शिकतेय, दोन्हींचा गोंधळ होईल का? वर्ग लावण्याआधी घरातून थोडं व्हावं असं वाटतंय.

तीन_ओळी_रोज

ताई, "अजून तीन चित्रं काढ" हे मी माझ्या वहीत लिहून ठेवलं. चार ते आठ वर्षांच्या मुलांना मी नऊ वर्षं स्पॅनिश शिकवतेय, सगळं व्हिडिओवरून, चार-चार मुलांच्या गटात. तुमच्या मुलीसारखी मुलं दर वर्षी येतात आणि इतक्या नेमक्या शब्दांत अडचण सांगणारी पहिलीच ही.

आधी हे सांगते की तिचे सहा महिने वाया गेलेले नाहीत. 'गातो' ऐकून मांजर ओळखणं म्हणजे कानाचं काम झालं. तोंडाची पाळी आली नाही, एवढंच. ती पाळी पडदा देत नाही, कारण पडद्याला तिच्याकडून काही हवं नसतं. माणसाला हवं असतं. म्हणून मी सगळ्या पालकांना एकच गोष्ट सांगते: स्पॅनिशला तुमच्या दिवसात एक काम द्या. जे काम त्या भाषेशिवाय अडेल, असं एक.

उदाहरणार्थ, कपडे वाळत घालायचे चिमटे. तुम्ही कपडे टाकताय, ती चिमट्यांची टोपली घेऊन उभी आहे. तुम्ही म्हणायचं, "दामे एल रोहो." मला लाल दे. तिनं लाल दिला की "ग्रासिआस". आसुल निळा, बेर्दे हिरवा, आमारियो पिवळा, ब्लान्को पांढरा. चार दिवस तुम्ही मागा. पाचव्या दिवशी टोपली तुम्ही धरा आणि कपडे तिच्या हातात द्या. आता चिमटा तिला हवाय, आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही. तिथे तोंड उघडतं. पहिल्या दिवशी ती फक्त "रोहो" म्हणेल, द्या. "दामे म्हण आधी" असं अडवू नका. तुम्ही देताना म्हणा, "आ, एल रोहो!" एवढं पुरे.

'दामे' हा मी शिकवत असलेला सगळ्यात पहिला शब्द आहे, 'ओला'च्याही आधी. नमस्काराला उत्तर नाही दिलं तरी चालून जातं. मागितलं नाही तर वस्तू मिळत नाही.

दुसरं, हुकूम. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली: शिकवणाऱ्यानं आज्ञा द्यायची, शिकणाऱ्यानं अंगानं उत्तर द्यायचं, बोलायची सक्ती नाही. लहान मुलांना ही पद्धत अशी लागू पडते की जणू त्यांच्यासाठीच बेतली होती. लेबान्ताते, ऊठ. सिएन्ताते, बस. साल्ता, उडी मार. कोर्रे, पळ. पारा, थांब. आब्रे ला पुएर्ता, दार उघड. या सहा गोष्टींवर दोन आठवडे निघतात. मग पाळी उलटवायची, मूल हुकूम देणार आणि मोठ्यांनी पाळायचे.

माझ्या गटात पाच वर्षांचा एक मुलगा होता. अडीच महिने एक अक्षर बोलला नाही. यायचा वेळेवर, सगळं करायचा, कॅमेऱ्यात त्याचं कपाळ आणि केस तेवढे दिसायचे. आई दर आठवड्याला मला विचारायची, "जमतंय ना त्याला?" एकदा मी मुलांना म्हटलं, घरातल्या मोठ्या माणसाला बोलावून आणा आणि आज तुम्ही सांगा. तो आईला घेऊन आला, तिच्याकडे वर बघितलं आणि हळूच म्हणाला, "सिएन्ताते." ती खुर्ची शोधायला लागली, तर हा मोठ्यानं, "एन एल सुएलो!" जमिनीवर! हे तीन शब्द मी त्याला वेगळे असे कधी शिकवलेच नव्हते, मी स्वतः बसताना म्हणत असे तेवढेच. आई जमिनीवर बसली, उठली, परत बसली. तो तिला अकरा वेळा बसवून उठवून मगच थांबला.

म्हणून गप्प राहण्याचा काळ आला तर घाबरू नका, आणि "याला काय म्हणतात?" हा प्रश्न शक्य तितका टाळा. ती परीक्षा होते. तुम्हाला उत्तर ठाऊक आहे हे मुलाला कळतं, मग सांगायचं कशाला?

आता तिला चार चित्रांची सवय आहेच, तर तिचाच उपयोग करा. मेक्सिकोत 'लोतेरिया' नावाचा चित्रांचा खेळ आहे. ५४ पत्ते, प्रत्येकावर एक चित्र, आणि खेळणाऱ्यांपुढे १६ चित्रांचे तक्ते. एक जण पत्ता उचलून नाव पुकारतो, ज्याच्या तक्त्यावर ते चित्र असेल तो त्यावर दाणा ठेवतो. घरी नऊ चौकोनांचा तक्ता पुरतो. चित्रं तिलाच काढू द्या: मांजर, कुत्रा, मासा, सूर्य, चंद्र, दार, खुर्ची, झाड, फूल. गातो, पेर्रो, पेस, सोल, लूना, पुएर्ता, सिया, आर्बोल, फ्लोर. आणि पुकारणारी ती. इथे एकच चित्र तिच्या हातात असतं आणि तक्ता घेऊन बसलेल्या सगळ्यांचं लक्ष तिच्या तोंडाकडे असतं. अडली तर सुरुवातीचा आवाज तुम्ही पुरवा, "गा...", बाकीचं ती करेल.

ऑनलाइन साधनांबद्दल. मी मोजकीच वापरते. 'पोकोयो' ही स्पेनमध्ये तयार झालेली मालिका आहे, २००५ पासूनची. पांढरी पार्श्वभूमी, पडद्यावर एका वेळी मोजक्याच गोष्टी, आणि निवेदक जे दिसतंय त्याचंच नाव घेतो. भाग सातेक मिनिटांचा. मूळ स्पॅनिशमधला लावा, ऑटोप्ले बंद करा आणि एकच भाग आठवडाभर बघा. नवा भाग मागितला तरी नको. तिसऱ्या दिवशी आवाज बंद करून तुम्ही दोघींनी बोलायचं, अर्धं मराठी, अर्धं स्पॅनिश, जसं येईल तसं. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना नाही. पुढचं आधी ठाऊक असणं यातच त्यांना गंमत असते.

गोष्टींसाठी 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेलं, मोफत. त्यावर मराठी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत असलेल्या गोष्टी निवडा. पहिल्या पातळीची घ्या, पानावर एखाददुसरं वाक्य असतं. तीन रात्री मराठीतून वाचा, चौथ्या रात्री तीच चित्रं, तीच पानं, स्पॅनिशमधून. गोष्ट पाठ झालेली असते, त्यामुळे अर्थ लावायचं ओझं उरत नाही, कान फक्त आवाज टिपतो. पुस्तकं मुक्त परवान्याची आहेत, छापून शिवून घेतलीत तरी चालतं.

इन्स्तितूतो सेर्वान्तेस या स्पॅनिश भाषेचा प्रसार करणाऱ्या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर 'मी मुंदो एन पालाब्रास' म्हणून शब्दांचं छान साहित्य आहे, पण ते ७ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी. आत्ता नको, नाव टिपून ठेवा.

गाण्यांचे व्हिडिओ ढिगानं आहेत. माझी कसोटी अशी: गाताना हात-पाय-नाक-डोकं यांपैकी काहीतरी हलत असेल आणि दोन वेळा ऐकून शेवटचा शब्द आपल्याला म्हणता येत असेल तर ठेवायचं. नुसतंच भरधाव, चकचकीत असेल तर सोडायचं.

पडद्याबद्दल मी इतकी आग्रही का, तेही सांगते. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना १२ बैठकांत मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, ऐकवली, काहींना समोर बसलेल्या माणसाकडून, काहींना तीच माणसं व्हिडिओवर दाखवून. समोरच्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना मँडरिनचे आवाज वेगळे ओळखता येऊ लागले. व्हिडिओवाल्यांना काहीच फरक पडला नाही. ती बाळं होती, तुमची लेक पाच वर्षांची आहे, तेव्हा जसंच्या तसं लावू नका. पण म्हणून मी व्हिडिओवर वर्ग घेत असूनही प्रत्येक तासाला घरातलं एक मोठं माणूस मुलाजवळ मागते.

आणि एक आनंदाची गोष्ट, जी मराठी घरांना कोणी सांगत नाही. 'मे गुस्ता' हे स्पॅनिशमधलं नेहमीचं वाक्य. इंग्रजीतून शिकणारे त्यावर महिनोन्महिने अडतात, कारण त्यांना 'मी आवडतो'सारखं काहीतरी रचायचं असतं. आपल्याकडे ते तयारच आहे. मे गुस्ता एल गातो, मला मांजर आवडतं. मे गुस्तान लोस गातोस, मला मांजरं आवडतात. आवडणारी वस्तू एकाची अनेक झाली की क्रियापद बदलतं, दोन्हीकडे अगदी तसंच. पांढरा-पांढरी होतं तसं ब्लान्को-ब्लान्का. तू आणि तुम्ही तसं तू आणि उस्तेद. आणि 'मी' न म्हणता नुसतं 'येते' म्हटलं तरी कोण ते कळतं, तसंच तिकडेही. हे मुलांना समजावून सांगायचं नाही, फक्त आपण बिचकायचं नाही.

जिथे जुळत नाही तिथे मूल स्वतःच थांबतं. 'ला लूना' शिकवताना एका चिमुरडीनं मला अडवलं होतं: "ला म्हणजे ती ना? मग चंद्र ती कसा? तो तर चांदोमामा आहे." त्या दिवशी पुढचा सगळा तास आम्ही कोणकोण स्पॅनिशमध्ये गेल्यावर 'तो'ची 'ती' होतं हेच शोधत बसलो. हात, तो हात, तिकडे ला मानो. तिला हे आजही लक्षात आहे, मी विचारून पाहिलंय.

कान_उघडा

ताईंनी एवढं लिहिल्यावर मी उच्चारांपुरतंच बोलतो, कारण मी तुमच्याच जागी होतो. मुलगा सहा वर्षांचा असताना त्याच्याबरोबर शून्यापासून शिकलो.

तुमचे उच्चार तिला चिकटतील याची फार भीती नको. मराठी तोंडाला स्पॅनिश सोपी जाते. स्वर पाचच, आ ए ई ओ ऊ, आणि ते जागा सोडत नाहीत. त, द, प, क आपल्यासारखेच, दातांना जीभ लावून, हवा न सोडता. इंग्रजी वळणानं 'टाको' म्हणण्याची सवय असेल तेवढी मोडायची. एकच काळजी घ्या, शेवटचा स्वर गिळू नका. आपण 'घर' लिहितो आणि शेवटचा अ सोडून देतो, तसं तिथे चालत नाही. कासा म्हणजे पूर्ण कासा.

'ब' आणि 'व' ची अक्षरं दोन, उच्चार एकच, ब सारखा. एच गप्प बसतो, म्हणून ओला. 'जे' (J) हे अक्षर घशातून येणाऱ्या ह सारखं. आणि न वर लाटेसारखी रेघ असलेलं अक्षर म्हणजे आपला ञ, जो आपण क्वचितच वापरतो. त्यांच्या वर्णमालेत २७ अक्षरं आहेत, त्यातलं हे एक.

खरी कसरत 'रर्र' ची. पेरो म्हणजे 'पण' आणि पेर्रो म्हणजे 'कुत्रा'. माझ्या मुलाला तो थरथरता र जमायला वर्ष लागलं. स्पॅनिश घरांतल्या मुलांनाही हाच आवाज सगळ्यात उशिरा जमतो, तेव्हा टोकू नका. आम्ही अंघोळीच्या वेळी मोटारसायकल चालवायचो, दोघंही, तोंडानं. तिथेच सुटला एकदा.

एखाद्या शब्दाची शंका आली तर 'फोर्वो' या साइटवर तो शब्द शोधा. मातृभाषकांनी स्वतः बोलून ठेवलेले उच्चार असतात, कोण कुठल्या देशातला तेही लिहिलेलं असतं. तिथे एक गोष्ट दिसेल: पाच म्हणजे मेक्सिकोत 'सिंको' आणि माद्रिदमध्ये पहिला आवाज जीभ दातांत धरून, थ कडे झुकणारा. पाऊस बहुतेक ठिकाणी 'युबिया', ब्युनोस आयर्समध्ये 'शुबिया'. पेनाला स्पेनमध्ये बोलिग्राफो, मेक्सिकोत प्लूमा, अर्जेंटिनात बिरोमे. मी सुरुवातीला यात बरोबर कोणतं ते शोधत बसलो आणि बराच वेळ घालवला. सगळंच बरोबर आहे. तुम्ही बोलताना एक वळण धरा, ऐकताना सगळी ऐकू द्या.

अक्षरांच्या गोंधळाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: इंग्रजी वाचन सुरळीत होईपर्यंत स्पॅनिश लिखित दाखवू नका. आम्ही घाई केली होती. सगळ्या घरात चिठ्ठ्या डकवल्या, आणि 'हिराफा' छान म्हणणारा मुलगा चिठ्ठी वाचून 'जिराफा' म्हणायला लागला. चिठ्ठ्या काढल्यावर तीन आठवड्यांनी हिराफा परत आला. तुमच्या स्वतःच्या वहीत देवनागरीत खुशाल लिहा.

साडेसात वर्षांचा झाल्यावर आम्ही वाचन सुरू केलं तेव्हा त्याला सगळ्यात आवडलं ते वाक्याच्या सुरुवातीला येणारं उलटं प्रश्नचिन्ह. प्रश्न येतोय हे आधीच कळतं, आवाज आधीच चढवता येतो. १७५४ मध्ये स्पॅनिश अकादमीनं हे चिन्ह नियमात आणलं. तो अजून मराठी निबंधातही ते काढतो.

पायरी_पायरी

कोणी प्रमाणपत्राचं बोललं तर आत्ताच लक्ष देऊ नका. इन्स्तितूतो सेर्वान्तेसची 'देले' परीक्षा शाळकरी मुलांसाठी आहे, पण ती ११ ते १७ वयोगटासाठी. तोवर भरपूर वेळ आहे.

दोन_वेण्या

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, म्हणून लिहायला आले.

ॲप काढलं नाही, पण आठवड्यातून दोनदाच. चिमटे रोज. पहिले चार दिवस मीच मागितले. पाचव्या दिवशी टोपली मी घेतली. तिनं ओला फ्रॉक दोरीवर टाकला, हात पुढे केला आणि माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. फ्रॉक घसरायला लागला तशी ती ओरडली, "दामे! दामे! रोहो! नाही, कुठलापण!" मी दिला. 'कुठलापण'ला काय म्हणतात ते फोर्वोवर कसं शोधायचं हे मला कळलं नाही.

लोतेरियाचा तक्ता झालाय. चंद्राला तिनं दोन वेण्या काढल्यात, मी 'ला'चं काही सांगितलंही नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "लूना मुलीचं नाव वाटतं."

पोकोयोचा एकच भाग आठ दिवस बघितला. सहाव्या दिवशी ती निवेदकाच्या आधी बोलत होती.

एक अडचण आहे. आज्यांनी व्हिडिओ कॉलवर "स्पॅनिश बोलून दाखव बरं" म्हटलं की ती पुन्हा गप्प होते. आज्यांना वाईट वाटतं, त्यांना खरंच ऐकायचं असतं.

तीन_ओळी_रोज

'कुठलापण' म्हणजे 'कुआल्किएरा'. मोठा शब्द आहे, पण तिला गरज पडलीय, तर ती घेईल.

आज्यांना 'दाखव' म्हणू देऊ नका, त्यांना हुकूम पाळायला बसवा. फोन समोर उभा ठेवा, दोघींनाही लेबान्ताते आणि सिएन्ताते आधी शिकवून ठेवा. गुडघे दुखत असतील तर उठबस नको, 'मानोस आरीबा', हात वर, आणि 'मानोस आबाहो', हात खाली, एवढंच. आणि एखादी आजी मुद्दाम चुकली पाहिजे. हात वर म्हटल्यावर खाली केले की बघा.

दोन_वेण्या

आज केलं. एक आजी चुकली. लेक फोनच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "नो, आजी, नो. आरीबा. आ-री-बा." मग स्वतःचे दोन्ही हात वर करून, आजीचे वर जाईपर्यंत, तशीच उभी राहिली.